डावीकडे जरा टोचतंय

सोमवार, ४ तारीख

दादाने ही वही आणून दिली आणि म्हणाला, बाबांच्या आठवणी सुचतील तशा लिहून काढ. सतरा तारखेला वाचनालयाच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली आहे, मुलगी म्हणून तुलाही दोन शब्द बोलावे लागतील. वर म्हणाला, गोड लिही. गोड खाणाऱ्यांच्या जिवावर पन्नास वर्षं आमची चूल पेटली, तेव्हा गोडाचं मला शिकवू नकोस, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. गिळण्यात मी पटाईत आहे.

बाबा शुक्रवारी सकाळी गेले. चार महिने अंथरुणावर होते, त्यामुळे धक्का बसला वगैरे म्हणणार नाही. घरात माणसांची रीघ लागली आहे. येतात, माझ्या डोक्यावरून हात फिरवतात आणि म्हणतात, असा माणूस पुन्हा होणे नाही, काय हात होता काकांचा! ते हुंदके देतात आणि मी त्यांचे दात बघत बसते. समोरच्या घरातल्या आजींचा वरचा दुसरा दात किंचित पुढे आहे. तो मी पुढे बसवला, त्यांचा विशीतला फोटो समोर ठेवून. त्याच दाताने त्या बाबांचं गुणगान करत होत्या.

बाबा कवळ्या करायचे. सरळसोट, मोत्यासारख्या रांगेचं त्यांना वावडं. गिऱ्हाइकाकडून तरुणपणीचा फोटो मागून घ्यायचे आणि मूळ दातांत जी खोड असेल ती कवळीत उतरवायचे. माणसं आरशात बघून रडायची, कारण त्यांचं स्वतःचं हसू परत मिळालेलं असायचं. एवढं खरं. पण सात वर्षांपूर्वी बाबांचा हात थरथरायला लागला. मेणात दात मांडायचे तर केसाएवढी चूक चालत नाही. तेव्हापासून प्रत्येक कवळीतला प्रत्येक दात मी मांडला आहे, मागच्या खोलीत, दार लावून. पुढच्या खोलीत बाबा बसायचे, माणसांशी बोलायचे, आरसा धरायचे. मला एवढंच सांगितलं होतं, “कुणाला कळता कामा नये. हात गेला हे कळलं तर लोक माझ्यासमोर तोंड उघडणार नाहीत.” मी शब्द दिला. मूर्ख होते.

आता बाबा गेले आणि जाताना माझाही हात घेऊन गेले.

दवाखान्यातून त्यांच्या कपड्यांबरोबर त्यांची कवळी परत मिळाली. मोरीच्या कट्ट्यावर काचेच्या वाडग्यात पाण्यात ठेवली आहे. कवळी कोरडी पडली की वाकते. आता वाकली काय आणि न वाकली काय, पण सवय जात नाही. पाणी बदललं.

मंगळवार, ५ तारीख

दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. आमच्याकडची बहुतेक माणसं त्याच पाठवतात. दात काढायचे त्यांनी, घालायचे आम्ही, असा वीस वर्षांचा शिरस्ता. दहा मिनिटं हळहळल्या, मग मुद्द्यावर आल्या. काकांच्या हाताच्या भरवशावर मी काम पाठवत होते, आता ते मोठ्या कारखान्याकडे द्यावं लागेल. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही त्यांना मदत करायचात ना? प्लास्टर कालवणं वगैरे?”

प्लास्टर कालवणं वगैरे. माझी दाताखाली जीभ आली. चार महिने बाबांना चमचा धरता येत नव्हता आणि तीन जणांच्या कवळ्या झाल्या, त्या काय भुताने केल्या? पण ते खोटंही मीच पसरवलं होतं. अंथरुणावर बसून मांडतात, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. बाई माझ्याच शब्दावर चालल्या होत्या, त्यांना कुठल्या तोंडाने बोलू?

म्हटलं, महिनाअखेरपर्यंत थांबा. त्या बरं म्हणाल्या, पण चेहऱ्यावरून कळत होतं की निर्णय झाला आहे.

काम बंद झालं तर मागची खोली बंद. उजवीकडची खिडकी, ते टेबल, फळीवर ओळीने मांडलेले सगळ्या गावाच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे, सगळं बंद. मी एक्कावन्न वर्षांची आहे. मला दुसरं काही येत नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही यायला नकोच आहे.

गुरुवार, ७ तारीख

आज हेडमास्तर. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी समोर बसलेल्याला बाकावर उभं करतील असं वाटतं. शोकसभेची सूत्रं त्यांच्याकडे. त्यांना बाबांचं टेबल हवंय, हत्यारं हवीत, शिवाय काचेच्या पेटीत ‘काकांच्या हातची शेवटची कवळी’ ठेवायची आहे. लोकांनी दर्शन घ्यावं म्हणे. मी म्हटलं, शेवटची कवळी कुणाच्या तरी तोंडात आहे, तिला पेटीत कशी बसवू, माणसासकट? ते हसले नाहीत. दुःखात माणसाला असं होतं, असं दादाला हळूच म्हणाले. मला ऐकू येईल इतपत हळू.

शेवटी फळीवरची एक बेवारस कवळी देते म्हटलं. कुणी गृहस्थ करायला टाकून मुलाकडे निघून गेले ते परत आलेच नाहीत. अर्थात तीही माझीच. हेडमास्तरांच्या तोंडातलीही माझीच, पाच वर्षांपूर्वीची. खालचे दोन दात एकमेकांवर चढलेले, फोटोत होते तसे. ते चढवायला मला दोन दिवस लागले होते.

आठवणी लिही म्हणतो दादा. घे आठवणी.

बाबांनी मला एकदाही ‘छान झालंय’ म्हटलं नाही. कवळी पूर्ण करून त्यांच्या हातात दिली की ती एक दिवस स्वतःकडे ठेवून घ्यायचे. मग गिऱ्हाईक आलं की पुढच्या खोलीचं दार लावायचे. आत मला घासायच्या यंत्राची घरघर ऐकू यायची. शेवटचा हात आपला फिरवायचा आणि काम आपलं म्हणायचं, दुसरं काय!

आणि ती चिठ्ठी. ही त्यांच्या गुरूकडून आलेली रीत. वरच्या कवळीचा टाळू बंद करण्याआधी हिरडीसाठी वापरतात त्या गुलाबी मसाल्याच्या आत नखाएवढी कागदाची चिठ्ठी घालायची. तिच्यावर नोंदवहीतला आकडा आणि ज्याने दात मांडले त्याची खूण. बाहेरून काहीच दिसत नाही. कवळी मोडली तरच ती वाचायला मिळते, म्हणजे कुणाला झापायचं ते कळतं. गुरूंची खूण एक ठिपका, बाबांची दोन. माझी कोणती, असं मी तिशीत असताना विचारलं होतं. “वेळ आली की देईन,” म्हणाले. चिमटा थरथरत असला तरी अंथरुणाला खिळेपर्यंत चिठ्ठी स्वतःच घातली, मला लिहू दिली नाही. सात वर्षं माझ्या दातांवर दोन ठिपके.

आणखी एक आठवण. त्यांची स्वतःची कवळी चार वर्षांपूर्वी मीच केली. रोज सकाळी ती घालून पहिलं वाक्य, “डावीकडे जरा टोचतंय.” मी म्हणायचे, घासून घ्या. ते म्हणायचे, “तू बघ ना.” मी काय बघायचं? साच्यात चोख बसते, तर तोंडात बसलीच पाहिजे. चार वर्षं हेच. एका माणसाला खूश करणं आयुष्यात जमलं नाही, तो हा.

रविवार, १० तारीख

दादाशी कडाक्याचं वाजलं. मी त्याला सांगितलं की शोकसभेत मी खरं ते सांगणार आहे. त्याला थोडी कल्पना होतीच. इतका पांढरा पडला की मला जरा बरंच वाटलं. म्हणाला, मेलेल्या माणसाला चारचौघांत खोटं पाडून तुला काय मिळणार? मी म्हटलं, काम मिळेल. म्हणाला, आपलेच दात आणि आपलेच ओठ आहेत, चावून रक्त आपलंच निघणार. मी म्हटलं, दादा, या घरात ओठ कायम माझेच होते.

 जाताना त्याने दार आपटलं नाही, अलगद ओढून घेतलं. बाबा ओढायचे तसं.

पाणी बदललं.

बुधवार, १३ तारीख

माझ्या हातून बाबांची कवळी मोडली.

प्रत्येक गिऱ्हाइकाला आम्ही पहिली गोष्ट ही सांगतो. कवळी धुताना खाली पाण्याने भरलेलं भांडं ठेवा, नाहीतर ओला टॉवेल पसरा. हातातून निसटली तर दगडावर पडून फुटेल. तीस वर्षं माझ्याच तोंडून हे ऐकून लोकांचे कान किटले असतील. आणि आज मी कोरड्या मोरीवर वाडगं कलतं केलं, बोटांतून ती सटकली आणि टाळूवर मधोमध दोन तुकडे झाले. मी मोरीतच बसले. किती वेळ ते सांगत नाही.

तुकडे उचलले तेव्हा भेगेतून चिठ्ठीची कड दिसली. चिमट्याने सोडवली. बाबांचं थरथरतं अक्षर, आकडा, आणि त्याच्या खाली ठिपके. तीन.

हात हलला असणार. दोन द्यायला गेले असतील, तिसरा आपोआप उमटला असेल. स्वतःच्या कवळीवरही धड सही करता आली नाही.

गुरुवार, १४ तारीख

झोप लागली नाही. सकाळी उठले ती सरळ मागच्या खोलीत गेले, हेडमास्तरांना द्यायची ती बेवारस कवळी घेतली, फडक्यात गुंडाळली आणि हातोडी घातली. मुद्दाम. तिसऱ्या घावाला टाळू उकलला.

तीन ठिपके. एका ओळीत, सारख्या अंतरावर. मध्ये श्वास घेऊन, मनगट दुसऱ्या हाताने धरून काढलेले असतात तसे.

मग नोंदवही काढली. सात वर्षांपूर्वीच्या त्या महिन्यापासून, ज्या दिवशी मी पहिल्यांदा मांडायला बसले त्या दिवसापासून, प्रत्येक आकड्याच्या कडेला बारीक तीन ठिपके आहेत. वही बाबांच्या टेबलात असायची, मी कधी उघडलीच नव्हती. त्यांनी मला खूण दिली होती. पहिल्याच दिवशी दिली होती, आणि मला सांगायचं राहून गेलं!

मला वाटलं होतं रडू येईल. संताप आला. अहो, द्यायचं होतं तर हातात द्यायचं. कवळीच्या पोटात, मसाल्याच्या आत, जिथे मोडल्याशिवाय दिसणार नाही तिथे कसलं देता? एक वाक्य होतं. ‘ही तुझी खूण.’ तेवढं बोलायला तुमचे दात पडले होते काय? हो, पडले होते, पण बदली दिले होते की मी.

आणि आता ही खूण दाखवू कुणाला? एक ठिपका म्हणजे कोण, दोन म्हणजे कोण, हे जाणणारा जगात माझ्याशिवाय कुणी उरलेला नाही. डॉक्टरीणबाईंना दाखवली तर म्हणतील शाई सांडली. म्हणजे सांगायला मलाच उभं राहायचंय. ठरलं.

रविवार, १७ तारीख

हॉल भरला होता. मागे उभी माणसं होती. बाबांचं टेबल मंचावर, त्यावर हत्यारं, आणि काचेची पेटी रिकामी. हेडमास्तर माझ्यावर खार खाऊन होते, ऐनवेळी कवळी दिली नाही म्हणून. एकेक जण उठून बोलला. काकांचा हात, काकांचा हात, काकांचा हात. अर्ध्या हॉलच्या तोंडात माझे दात, आणि ते माझ्याकडे बघून कीव करत होते.

माझी पाळी आली. दादा पहिल्या रांगेत खाली मान घालून बसला होता. मी गोड काही लिहिलंच नव्हतं. जे बोलले ते असं, शब्दाला शब्द आठवतंय. “सात वर्षांपूर्वी बाबांचा हात गेला. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी आमच्याकडून दात घेतले, त्यांचे दात मी मांडले आहेत. तुम्ही आत्ता ज्या दातांनी त्यांचं कौतुक केलंत ते माझे आहेत. मी प्लास्टर कालवणारी नाही.”

 कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, बापाची राख थंड होऊ दे गं. समोरच्या घरातल्या आजींनी तोंडावर पदर धरला, जणू मी त्यांचे दात उपटायला निघाले होते. हेडमास्तर उभे राहिले. लाल झाले होते. म्हणाले, ज्यांच्या जिवावर वाढलीस त्यांचं नाव पुसायला उभी राहिलीस, लाज वाटत नाही? आणि सगळ्यांच्या देखत वरची-खालची दोन्ही काढून बाबांच्या टेबलावर ठेवली. “तुझे असतील तर घे. मला नकोत.” दातांशिवाय ते ‘तुजे अशतील तर घे’ असं ऐकू आलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. तिथून पुढचा अर्धा तास हेडमास्तर बोळक्या तोंडाने, ताठ मानेने सभा चालवत होते. मी कवळ्या रुमालात बांधून घरी आणल्या आणि पाण्यात ठेवल्या.

मला वाटलं होतं हलकं वाटेल. दाताखाली खडा आल्यासारखं वाटतंय.

सोमवार, १८ तारीख

सकाळी नऊला हेडमास्तर दारात. तोंडावर रुमाल. आत येऊन बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. काल दुपारपासून पातळ पेजेवर आहेत म्हणे. मी वाडगं पुढे केलं. त्यांनी पाठ फिरवून कवळ्या घातल्या, जबडा दोन-तीनदा हलवून बघितला आणि मगच माझ्याकडे वळले.

मला म्हणाले, “मला अजून पटलेलं नाही. माझी कवळी काकांनीच बसवली. माझ्या डोळ्यांदेखत निळा कागद चावायला लावला, टेबलावर कोपर टेकवून डावीकडे थोडं घासलं, पुन्हा चावायला लावलं. पाच वर्षांत एक दिवस टोचली नाही.” मी म्हटलं, घासणं म्हणजे मांडणं नव्हे. ते म्हणाले, असेल. आणि निघून गेले. उपकार मानायची रीत यांच्या शाळेत नव्हती वाटतं.

निळा कागद चावायला लावणं ही काय कारागिरी झाली? दात कुठे आधी टेकतात त्याचा डाग पडतो, उंच असेल तेवढं घासायचं. साच्यात नीट बसवलेलं असेल तर त्याची गरजच पडत नाही. ती शेवटच्या चार महिन्यांतली तीन माणसं, त्यांना मी अशीच दिली, कागदाबिगदाशिवाय.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन. काल त्या हॉलमध्ये होत्या. मला वाटलं खरडपट्टी निघणार. म्हणाल्या, राग आला आहे, पण राग रागाच्या जागी. काका आजारी असतानाच्या तीन कवळ्या तुम्ही एकट्याने केल्यात ना? त्या तिघांना मी बोलावून तपासते. चांगल्या असतील तर काम तुमच्याकडेच राहील. म्हटलं, खुशाल तपासा.

बुधवार, २० तारीख

पहिल्या बाई आल्या, पोस्टात होत्या त्या. हिरडी दुखते म्हणतात. मी विचारलं, तीन महिने दुखली नाही, आजच बरी दुखली? म्हणाल्या, पहिल्या दिवसापासून दुखत होती, पण काका अंथरुणावर, त्यांना कशाला त्रास द्यायचा. मला हे सगळं रविवारचं राजकारण वाटतंय. बाबांच्या नावावर होती तोवर गोड लागत होती, माझं नाव सांगितलं आणि टोचायला लागली.

शुक्रवार, २२ तारीख

दुसरे, बस चालवणारे. तीच तक्रार. मी जरा जास्तच बोलले. ते बिचारे कवळी टेबलावर ठेवून गेले.

शनिवार, २३ तारीख

डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. तिसऱ्या आजींनाही बघून आल्या होत्या. खुर्चीत बसल्या नाहीत. म्हणाल्या, “मांडणी सुंदर आहे. काकांपेक्षा वेगळी नाही. पण तिघांचीही डावी बाजू उंच आहे. तिघांचीही. काकांच्या कामात हे कधी दिसलं नाही.” सोमवारपर्यंत दुरुस्त होतात का बघा म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन टेबलापाशी बसले. खिडकी उजवीकडे. उजेड उजवीकडून येतो. डावी बाजू माझ्याच हाताच्या सावलीत. तीस वर्षं मी तिथेच बसते आहे.

म्हणून एक दिवस ठेवून घ्यायचे. म्हणून दार लावायचे, म्हणून घरघर. सात वर्षं माझी प्रत्येक कवळी माणसाच्या तोंडात घालून, निळा कागद चावायला लावून, कोपर टेकवून माझी डावी बाजू घासत बसले. मला कळू नये म्हणून दार लावून.

‘साच्यात नको, तोंडात बघ.’ किती वेळा म्हणाले असतील. मी तोंडं बघितलीच नाहीत. मला साचे बरे वाटतात, ते बोलत नाहीत.

आणि तरीही बाबा, मी तुम्हाला माफ करत नाही. मी हॉलभर माणसांसमोर उभी राहून सांगितलं की हे सगळं माझं आहे. मला कसं कळावं? तुम्ही सांगितलंत कुठे?

सोमवार, २५ तारीख

तिघांना बोलावलं. पुढच्या खोलीत, बाबांच्या खुर्चीत बसून. आधी माफी मागितली. बस चालवणारे काका इतके गडबडले की तेच मला सॉरी म्हणाले. निळा कागद चावायला लावला. डावीकडे निळेशार डाग. घासलं, पुन्हा चावायला लावलं, पुन्हा घासलं. पोस्टातल्या बाईंनी जबडा हलवून बघितला आणि त्यांचे खांदे एकदम खाली आले. तीन महिने त्या खांदे वर करून जेवत असणार. तोंड बघितलं असतं तर दिसलं असतं.

डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. बुधवारी एका गृहस्थांना पाठवते, फोटो घेऊन यायला सांगितलं आहे. म्हणजे काम राहिलं. दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, बाबांना बरं वाटलं असतं. मी म्हटलं, त्यांना काय वाटलं असतं हे आपल्याला मोडल्याशिवाय कधी कळलं होतं? तो हसला. मीही हसले थोडं.

मग बाबांची कवळी जोडायला घेतली. कशाला, ते मला विचारू नका. दोन तुकडे मेणाने धरले, खाली प्लास्टर ओतलं, भेग भरली. चिठ्ठी होती तशीच परत आत घातली. चकाकी देताना पहिल्यांदाच ती नीट बघितली. उजवीकडचे दात झिजून सपाट झाले होते, दाढांचे उंचवटे पार गेले होते. डावीकडचे मी दिले होते तसेच कोरे होते. चार वर्षं त्या माणसाने एकाच बाजूने चावून खाल्लं.

जगाच्या कवळ्या घासल्या. ही एवढी एक घासली नाही. रोज सकाळी मला म्हणत राहिले, तू बघ ना.

डावीकडचं घासलं. दोन मिनिटं लागली. वाडग्यात स्वच्छ पाणी घेतलं आणि कवळी त्यात ठेवली.